क्वांटमचा मुकादम आणि मी

मंडळी, दुपारपासून पोटात जळतंय, म्हणून इथं लिहितोय.

मी तेलगावकडचा. बंगळुरूत एका मोठ्या हॉलवर खुर्च्या मांडायचं काम करतो. आज तिथं क्वांटमवाल्यांची, म्हणजे नव्या जातीचे कॉम्प्युटर बनवणाऱ्यांची बैठक होती. प्राध्यापक, सरकारी साहेब, कंपनीवाले, सगळे एकत्र. स्टेजवर बोलायला उठला तो आमच्या गावचा सुधाकर. चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो.

दोघांचेही आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचे. त्याला मामानं गावात ठेवून घेतलं. मला कोणी ठेवून घेतलं नाही, म्हणून शाळा सोडून मीही टोळीबरोबर गेलो.

चहाच्या वेळी त्यानंच मला गाठलं. "कावून बे, वळख देत न्हाईस?"

"तू नेमकं करतोस काय?" मी विचारलं.

"सरकार पैसा देतं, कॉलेजात शोध लागतो, कंपनी मशीन बनवते. मी तिघांची गाठ घालून देतो."

"म्हंजी मुकादमच की. कारखाना आन् टोळीच्या मधला."

मी टोमणा मारला होता. तो मात्र लई हसला. "खरं हाय बे. पण माझ्या टोळीत सगळे डॉक्टरेटवाले, कुनीच ऐकत न्हाई."

मग गळ्यात हात टाकून त्यानं फोटो काढला आणि 'माझा जिगरी' लिहून टाकला. सगळं गाव लाईक करतंय. मी सारखा उघडून बघतोय, पण अंगठा पुढं जात नाही.

तो शिकला ह्याचं मला एवढं वाटत नाही. त्याला मामा होता, ह्याचं वाटतं.

तुमी माझ्या जागी असता तर लाईक केलं असतं का? खरं सांगा.