गोधडीसोबत मामंजी मिळत नाहीत

मी माझ्या सासऱ्यांना ऑनलाइन विकायला काढलं होतं. चुकून.

धायरीत मी आणि सासूबाई गोधड्या शिवतो. प्रदर्शनात बायका गोधडी कुरवाळायच्या, गालाला लावायच्या आणि विचारायच्या, “ऑनलाइन मिळेल का?” (हातात होती हो त्यांच्या!) शेवटी म्हटलं, होऊ या ऑनलाइन.

फोटोला उजेड हवा, म्हणून गच्चीतल्या खाटेवरच्या गोधडीचा काढला. गोधडी छान फुगलेली दिसत होती. चष्मा खाली राहिला होता. टाकला फोटो!

लगेच एका बाईंचा प्रश्न आला. “फोटोतले खरे आहेत का?”

रंगांबद्दल असणार! मी लिहिलं, “अगदी खरे! कितीही धुवा, जाणार नाहीत.”

“फार जुने वाटतात.”

“जुनेच मऊ लागतात!”

तेवढ्यात नवऱ्याचा ऑफिसातून फोन. “अगं, बाबा ऑनलाइन आहेत!”

“त्यांना कुठे येतंय ते?”

“विकायला आहेत! खाली लिहिलंयस, ‘हाताने शिवलेली, एकच नग शिल्लक’!”

चष्मा लावून पाहिलं. गोधडीच्या टोकाला मामंजींचं डोकं. तोंड सताड उघडं!

“अगंबाई, मामंजी विकायला!” मी ओरडले. ते ऐकून मामंजी उठून आलेच. “मला इकायला काढलंस व्हय?”

“कोण घेतंय?” सासूबाई सुईत दोरा ओवत म्हणाल्या. “आणि घेतलंच कुणी, तर माल परत घेणार नाही म्हणावं.”

मी रडकुंडीला येऊन फोटो काढून टाकणार, तोच पहिली ऑर्डर आली. मग दुसरी. त्या बाईंनी लिहिलं होतं, “आजोबा इतके गाढ झोपलेत, म्हणजे गोधडी उबदारच असणार!”

संध्याकाळपर्यंत घरातल्या सगळ्या गोधड्या संपल्या. शेजारच्या दोघींना शिवायला बोलावलं. मामंजी मिशीला कंगवा फिरवत म्हणाले, “त्यो फोटो हाय तिथंच ऱ्हाऊ दे. गिऱ्हाइकाचा खोळंबा नको.”

आता आम्ही चौघीजणी शिवतो, तरी हात पुरत नाहीत. मामंजी दुपारी खाटेवर पडतात, त्याला ‘कामावर जातो’ म्हणतात!

मलाही वाटलं, आपण काय कमी आहोत? परवा नवी साडी नेसले, लिपस्टिक लावली आणि गोधडी पांघरून गोड हसत फोटो टाकला.

पाच मिनिटांत विचारणा आली, “गोधडी आवडली. बाई बाजूला करून फोटो मिळेल का?”