मोजणीच्या दगडापाशी भरलेली ओटी

शेंदराचा वास आला की सांगवीच्या आमच्या रानातला बांधावरचा दगड आठवतो. फार पूर्वी एका इंग्रज साहेबानं जमीन मोजून तो रोवला होता. आई त्याला देव मानून शेंदूर लावायची. १९९० सालानंतर कधीतरी त्या साहेबाची म्हातारी नात विलायतेहून आली. "इथं माझ्या आजोबांना शिव्या देतात का?" तिनं मला इंग्रजीत विचारलं. मी ते आईला सांगितलं.

"शिव्या कशापायी? त्याच्या दगडामुळं भावकीत कुणी बांध कोरला न्हाय," आई म्हणाली. "त्याची नात म्हंजी आपली माहेरवाशीणच की!"

आईनं तिथंच तांदळानं तिची ओटी भरली. पदर नव्हता, म्हणून बाईंनी अंगातला सदराच पुढं धरला. तेव्हा मला हसू आलं होतं.

एक दाणाही सांडू नये म्हणून त्या गाडीपर्यंत सदरा तसाच धरून चालत गेल्या.