भरतीला येणारा

मी पालीला घाबरते, लिफ्टला घाबरते, दंतवैद्याला तर इतकी घाबरते की दाढ दुखली तरी चार महिने लवंग चघळत बसते. भुताला मात्र मी कधी घाबरले नाही. यात शौर्य काही नाही. सगळी नोकरी विजेचे मीटर तपासण्यात गेली, त्यामुळे जे काट्यावर दिसत नाही ते माझ्या लेखी नसतंच. निवृत्त झाल्यावर पनवेलच्या घरात बसून मी शेजाऱ्यांच्या फ्रिजचे आवाज ओळखायला लागले, तेव्हाच मुलीने सांगितलं, आई, काहीतरी उद्योग शोध.

उद्योग आपणहून घरी आला. एसी दुरुस्त करायला आलेला माणूस माझ्या कपाटावरचं चुंबकीय क्षेत्र मोजायचं यंत्र बघून हातातला पान्हा विसरला. "काकू, हे चालू आहे?" त्याने विचारलं. म्हटलं, न चालायला काय झालं. मग कळलं की हा गृहस्थ आठवडाभर एसी दुरुस्त करतो आणि रविवारी चार मित्र घेऊन झपाटलेल्या जागा शोधत हिंडतो. जुने बंगले, ओस पडलेली विश्रामगृहं, किल्ल्याखालच्या चौक्या. तिथे आवाज टिपायचे, तापमान घ्यायचं आणि सगळं इंटरनेटवर टाकायचं. पुढच्याच रविवारी मी त्यांच्या गाडीत बसले. घरचे हसले. हसोत.

खरं सांगायचं तर आम्हाला भूत कधी सापडलं नाही. घुशी सापडल्या, वटवाघळं सापडली, एका बंगल्यात प्रेमात पडलेलं एक जोडपं सापडलं. ती जागा झपाटलेलीच राहावी अशी त्यांची फार इच्छा होती. आमचा म्होरक्या, म्हणजे तो एसीवाला, हिरमुसायचा. मी खूश व्हायचे.

एका उन्हाळ्यात त्याला एका अंगणवाडी सेविकेचा फोन आला. उलव्याच्या पुढे, उरणच्या बाजूला खाडीकाठी कोळ्यांची एक वस्ती आहे, तिथली ती सून. रस्ता रुंद होताना तिच्या अंगणवाडीची खोली पाडली गेली होती. पोरं देवळाच्या ओट्यावर बसत होती आणि आता ओटाही दुरुस्तीला निघणार होता. वस्तीच्या टोकाला साहेबाच्या काळातली मिठाची चौकी होती. दगडी, भक्कम, छप्पर नवीन घातलेलं. ग्रामपंचायत ती द्यायला तयार होती, इंजिनिअरने पाहून हरकत नाही म्हटलं होतं. पण एकही बाई आपलं पोर तिथे पाठवायला तयार नव्हती, कारण आत कोणीतरी आहे. दिवसाउजेडी सुस्कारे टाकतं.

"पंधरा दिवसांनी पर्यवेक्षिका बाई येणार आहेत," ती म्हणाली. "जागा आणि जागेत बसलेली पोरं दाखवली नाहीत तर माझी अंगणवाडी हायवेपलीकडच्या अंगणवाडीत जोडणार. तीन-तीन वर्षांची पोरं ट्रेलरच्या मधून रस्ता ओलांडणार आहेत का? ती घरीच बसतील."

म्होरक्याने अमावास्या निवडली. इंटरनेटवर बघणाऱ्यांना अमावास्या आवडते, म्हणे. मी म्हटलं, निवड, पण रात्री मी यायची नाही, मला अंधारात खड्डे दिसत नाहीत. म्हणून आम्ही भर सकाळी भूत शोधायला निघालो. उलव्यात बांधकामाची एवढी धूळ की गाडीच्या काचा वर करूनही दातांत रेती करकरत होती. चौकीच्या आवारात एक म्हातारी कोळीण बोंबील वाळत घालत होती. तिने आमच्या यंत्रांच्या पेट्यांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा बोंबलांकडे वळली. त्या वस्तीत तिचा शब्द चालतो, हे सेविकेने हळूच सांगितलं. मी मान डोलावली आणि आत गेले. चूक तिथेच झाली, पण ती कळायला वेळ लागला.

अकराच्या सुमाराला तो आवाज आला. मोठ्या माणसाने जेवून उठताना सोडावा तसा लांब सुस्कारा, मग घशातली गुरगुर, मग शांत. म्होरक्याच्या हातावर काटा आला, तो त्याने कॅमेऱ्यालाही दाखवला. माझी यंत्रं ढिम्म. मी मात्र गुडघ्यांवर बसले आणि जमिनीला कान लावला. कोपऱ्यात एक लोखंडी जाळी होती, तिच्याखाली दगडी मोरी. मोरीचं दुसरं तोंड बाहेर खाडीच्या चिखलात उघडत होतं. भरतीचं पाणी तिकडून आत शिरायचं आणि मोरीतली हवा इकडून बाहेर पडायची. एवढंच. मी जाळीवर कागदाचा कपटा ठेवला, तो सुस्काऱ्याबरोबर उडाला. आनंदाने मी अशी ओरडले की म्होरक्याच दचकला.

वस्तीतून अर्धं पोतं सिमेंट मिळवलं. ओहोटी लागल्यावर म्होरक्याने जाळी काढून माल कालवून दिला, मी मोरीचं तोंड बुजवलं आणि वर सारवल्यासारखा हात फिरवला. दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळी सगळ्या बायकांना बोलावलं. चौकी गप्प. मी त्यांना हवेचा दाब समजावून सांगितला. शेवटी म्हटलं, "तो आवाज भरतीबरोबर यायचा. लक्षात आलं का?"

म्हातारी म्हणाली, "ते आमाला ठावं हाय. तो भरतीलाच येतो."

मला वाटलं, पटलं. मी पुढे ठणकावून सांगितलं, "आता इथे कोणीही नाही. खुशाल पाठवा पोरांना." बायका एकमेकींकडे बघत उठल्या. कोणी वाद घातला नाही. पनवेलला येईपर्यंत मी गाडीत गाणी म्हणत होते.

चार दिवसांनी सेविकेचा फोन. एकही पोर आलं नव्हतं. वर त्या म्हातारीने आपले बोंबीलही आवारातून हलवले होते.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढं समजावलं, चौकी गप्प करून दाखवली, तरी यांचं आपलं तेच. मी एकटीच रिक्षा करून निघाले, म्हातारीला चांगलं सुनवायचं ठरवून. ती घरासमोर जाळं शिवत बसली होती. मी बसायच्या आधीच विचारलं, "मावशी, आता कशाची भीती? तो गेला ना?"

"तुमीच घालवलात त्याला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. "तो जागेवाला व्हता, बाय. तो व्हता म्हनून मी उघड्यावर म्हावरं टाकून घरी निजायला जायचे. कुत्रं शिवत नव्हतं. आता जागा बिनधन्याची झाली. कोन बी येऊन बसंल तिथं. अशा जागेत मी नातीला धाडू?"

"मग तो होता तेव्हा का नाही धाडलंत?"

"इचारल्याबिगर?" तिने सुई थांबवली. "पोरं मुतनार, आरडनार. त्याच्या जागेत जायचं तर त्याला सांगाया नको? कोनी सांगितलं?"

आम्ही भिंतींची तपासणी केली होती, हवेची केली होती, विजेच्या तारांची केली होती. या बायकांना नेमकी भीती कसली वाटते, हे आमच्यातल्या एकानेही विचारलं नव्हतं. मी धरून चालले होते की त्यांना तो नको आहे. त्यांना तो हवा होता. त्यांना फक्त त्याचा अपमान करायचा नव्हता. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या मीटरमधल्या चुका काढणारी मी, आणि माझी स्वतःची चूक इतकी ढळढळीत निघाली. मला मनापासून लाज वाटली.

सेविकेला सगळं सांगितलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "मी पळस्प्याकडची, बाहेरची," ती म्हणाली. "मी काही विचारलं की म्हणतात, तुला नाय कलायचं, तू शिकलेली." मग डोळे पुसून लगेच कामाला लागल्यासारखी म्हणाली, "मॅडम, तुम्हीच सांगा त्यांना की तो परत आलाय. तुमचं ऐकतील."

"मी खोटा अहवाल देत नाही," मी म्हटलं. "आयुष्यात दिला नाही."

"मग पोरं घरी बसली तर चालेल?"

घरी आले, ताट पुढे घेतलं आणि तसंच ठेवून दिलं. तो आहे असं मला म्हणता येत नव्हतं. तो नाही असं म्हणून मी एक अंगणवाडी बुडवत होते. मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, तू जे केलंस तेवढंच सांग ना. पुढचं त्यांचं त्या बघतील." माझी मुलगी लहानपणापासून आगाऊ आहे. त्या दिवशी मात्र मी तिला काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी म्होरक्याला छिन्नी-हातोडा घेऊन गाडीत घातलं. तो कुरकुरत होता की बघणारे काय म्हणतील. मी म्हटलं, कॅमेरा घरी ठेव. सगळ्या बायका पुन्हा जमल्या, या वेळी उंबऱ्याबाहेर. मी सरळ सांगितलं, "हे भोक मी बुजवलं. तुम्हाला न विचारता बुजवलं. आज उघडते." आणि छिन्नी लावली. म्होरक्या मदतीला पुढे आला, तर म्हातारीने त्याला हातानेच थांबवलं. जिने बुजवलं तिनेच उघडायचं. माझे हात दोन आठवडे दुखले ते त्यामुळे.

शेवटचा तुकडा निघाला तेव्हा मोरीतून ओला, खारट वास वर आला. म्हातारी वाकून बघत म्हणाली, "म्हंजे तो गेला नव्हता. तुमी त्याची वाट अडवली व्हती."

"मी भोक बुजवलं होतं, मावशी. मला एवढंच माहीत आहे."

"त्येच म्हनतेय मी," ती म्हणाली.

मग तिने माझ्या हातात नारळ दिला. मी मागे सरकले. माझा यावर विश्वास नाही, हे सांगायला तोंड उघडलं, आणि समोर सेविका दिसली. तिने दोन्ही हात जोडले होते. मी नारळ फोडला. म्हातारी म्हणाली, आता बोला. काय बोलायचं? त्या काळ्या भोकाकडे बघून मी म्हटलं, "चुकलं माझं." हे दोन शब्द मी नवऱ्याला कधी म्हटले नाहीत, साहेबांना नाहीत, मुलीला तर नाहीच नाहीत. मी ते कोणाला म्हटलं, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यानंतर म्हातारीने आपल्या भाषेत बराच वेळ त्याला काहीतरी समजावलं. त्यात पोरं हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता.

पर्यवेक्षिका बाई पुनवेच्या आदल्या दिवशी येणार होत्या. माझं काही काम नव्हतं, तरी मी गेले. दारात चपलांचा ढीग होता. मी तो मोजायला लागले आणि मध्येच सोडून दिलं, कारण नीट दिसेना. आत सतरंज्यांवर पोरं दाटीवाटीने बसली होती, भिंतीवर फळांचे तक्ते लागले होते, कोपऱ्यात मोरीची जाळी घासून लख्ख केलेली. म्हातारी दारापाशी नातीवर नजर ठेवून बसली होती.

पर्यवेक्षिका बाई कडक होत्या. त्यांनी छप्पर पाहिलं, पाण्याचा माठ पाहिला, वजनकाटा तपासला. सगळं ठीक चाललं होतं आणि मला एकदम आठवलं, भरती. आजही अकराच्याच सुमाराला. सेविकेलाही तेव्हाच आठवलं असावं, कारण तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

सुस्कारा आला. नेहमीसारखाच, लांब, मग गुरगुर. पर्यवेक्षिका बाई जागच्या जागी थांबल्या. "हा कसला आवाज?"

मी हवेचा दाब सांगायला पुढे झाले, पण त्याआधी म्हातारीची नात उठली. चार वर्षांची असेल, नाक वाहत होतं. ती सरळ त्या बाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"ते इचारतात, कोन आयलंय," ती म्हणाली. "तुमी नव्या हाव ना. आमी समद्यांनी नावं सांगितली. तुमी बी सांगा."

बाईंनी सेविकेकडे पाहिलं, दारातल्या म्हातारीकडे पाहिलं, त्या सगळ्या वर वळलेल्या चेहऱ्यांकडे पाहिलं. पोरं वाट बघत होती. मग त्यांनी हातातली फाइल काखेत धरली, साडी सावरत जाळीपाशी वाकल्या आणि हळू आवाजात आपलं नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट सांगितलं.

पोरगी समाधानाने जाऊन जागेवर बसली. बाई उठल्या, खुर्ची असताना सतरंजीवरच बसल्या, फाइल उघडली आणि पहिल्या पोराला म्हणाल्या, "हं, आता तुझं सांग."