फुप्फुसाचा गोंद कोणाले?

पुंडलिकरावांचं आधी पवनारच्या स्टँडवर पंक्चरचं दुकान होतं. ते बंद करून ते वर्ध्याच्या एका दवाखान्यात लागले, त्याले आता एकवीस वर्षं झाली. पहिले स्ट्रेचर ढकललं, मंग ऑपरेशन थेटरात सामान देता देता सारं शिकले. आता थेटरातलं फ्रिज त्यायच्याच हवाली.

त्या फ्रिजमधी फुप्फुसाचा गोंद राह्यते. दोन बाटल्यांतली पूड वेगवेगळी कालवायची आन् कापल्या जागेवर संगंच सोडायची, का घट्ट पापुद्रा धरते आन् तिथून हवा गळत नाई. एकदा कालवला का चार तासांत वापरा, नाई तर फेका.

त्या मंगळवारी फ्रिजमधी एकच डबा होता. दुसरा नागपूरहून गुरुवारी येणार. आन् फुप्फुसाचे पेशंट दोन. पहिला अंकित, तरणाताठा पोरगा, छातीत लहानशी गाठ. दुसरे केळझरचे किसनराव. टीबीनं आन् बिडीनं त्यायचं फुप्फुस जुन्या फडक्यावानी झालेलं.

अंकितचे बाप सदाशिवराव, सिंदी मेघेतले किराणेवाले. त्यायनं थेटराच्या दाराशीच गाठलं.

"पुंडलिकभाऊ, तो गोंद माह्या पोराले लावा बरं. मॅडमले इचारत बसू नका. तुम्ही कालवूनच ठेवा, कालवल्यावर थोडीच फेकतीन?"

"गोंद हाय तो, हळद नाई सगळ्यायले फासाले."

"काऊन? काही नुसकान हाय का त्याचं?"

"ज्याले पायजे त्याले भेटला नाई, तर त्याचं नुसकान."

"तुमचं पोरगं टेबलावर असतं, तर असंच बोलले असते?"

हे लागलं. पुंडलिकराव आत गेले, फ्रिजमधून डबा काढला आन् हातात घेऊन उभे राह्यले. रीता सिस्टरनं पाह्यलं.

"मॅडमनं मागितला?"

"नाई."

"मंग?"

त्यायनं डबा ट्रेवर ठेवला, फोडला नाई.

ऑपरेशन करणाऱ्या मोहिनी मॅडमनं अंकितची गाठ काढली, टाके घातले, छातीत मिठाचं पाणी ओतलं. भूलवाल्या डॉक्टरनं फुप्फुस फुगवलं. पंक्चरच्या दुकानात घमेल्यात ट्यूब बुडवून पाहाची, तोच प्रकार. दोन बुडबुडे आले, मंग तेही थांबले.

"टाक्यानं भागलं. याला गोंद नको," मॅडम म्हणाल्या.

डबा परत फ्रिजमधी गेला.

दुपारी किसनराव टेबलावर. पाणी ओतलं, तर भात शिजल्यावानी बुडबुडे. टाका घालावा, तर सुईच्या भोकातून आणखी एक. मॅडमनं मान न वळवता सांगितलं, "पुंडलिकराव, कालवा."

त्यायनं कालवला. बुडबुडे कमी झाले, पण पुरते थांबले नाईत. "गोंद म्हणजे काही वेल्डिंग नाही. पाहू आता," मॅडम म्हणाल्या.

बाहेर सदाशिवराव उभेच. "लावला का?"

'हो' म्हटलं असतं तर कोणाले समजलं नसतं.

"नाई. अंकितले गरज नोती. केळझरच्या बाबाले लावला."

"वा रे भाऊ! बिडी पेणाऱ्याले गोंद, आन् माह्या पोराले काहीच नाई!"

तिसऱ्या दिवशी अंकितची छातीतली नळी निघाली आन् पोरगं चालत घरी गेलं. सदाशिवरावांनी सगळ्यायले पेढा देल्ला, पुंडलिकराव सोडून.

किसनरावांच्या नळीची पाण्याची बाटली बुडबुडतच होती, म्हणजे हवा अजून गळतच होती. पुंडलिकराव रोज सकाळी थेटराचे कपडे घालायच्या आधी वार्डात जाऊन ती पाहून येत. चौथा दिवस, पाचवा दिवस, बुडबुडे हायतच. सातव्या दिवशी म्हातारा मोठ्यानं खोकलला, तरी नुसतं पाणी हाललं, बुडबुडा आला नाई. पुंडलिकरावांनी त्याले पुन्हा खोकलाले लावलं. नाईच आला.

किसनरावांनी खूण करून जवळ बोलावलं. "भाऊ, आता बिडी कधीपासून चालन?"

"मॅडम आल्या का त्यायलेच इचारजा," पुंडलिकराव म्हणाले आन् थेटराकडे निघाले.