दुप्पट तेलाचं खाद्य

मत्स्यपालन केंद्रात तिला तोंडावर 'ताई' म्हणत आणि पाठीमागे, तिच्या जिभेच्या धारेमुळे, 'करवत'. बावीस वर्षं ती तिथं माशांना खाऊ घालत होती. मासा भुकेला आहे, दुखणाईत आहे की नुसताच आळसावलाय, हे ती पाण्यावरच्या तरंगांवरून सांगायची. नवरा म्हणायचा, "माझा चेहरा एवढा वाचला असतास तर!" ती म्हणायची, "तुमच्या चेहऱ्यावर वाचण्यासारखं आहे काय?"

मासे आजारी पडू नयेत म्हणून खाद्याच्या दाण्यांना लवंगेचं आणि ओव्याचं तेल लावायचं ठरलं तेव्हा तिनंही नाक मुरडलं होतं. पण अगदी जरासं तेल चोळलेल्या दाण्यांवर मासे तुटून पडले. कल्ले लालबुंद दिसू लागले, औषधं कपाटातच पडून राहिली. तिनंच जाऊन मॅनेजरला सांगितलं, "साहेब, हे चांगलं आहे. चालू ठेवा."

मॅनेजरनं ते जरा जास्तच मनावर घेतलं. आता हे खाद्य केंद्राच्या नावानं विकायचं, आणि पोतं उघडल्याबरोबर गिऱ्हाइकाच्या नाकात वास शिरला पाहिजे! तेल दुप्पट झालं. मिश्रणयंत्रापाशी तिचे डोळे चुरचुरायला लागले. माशांनी दाणे तोंडात घेतले आणि थुंकून टाकले. आठवड्याभरानं तर चार नंबरच्या हौदातले मासे वरच येईनात.

ती तडक केबिनमध्ये शिरली. "साहेब, तेल कमी करा. मासे उपाशी मरतायत."

"सवय होईल त्यांना."

"बारा दिवस झाले. नुसते काटे उरलेत."

"मासा काय तुमच्या कानात सांगून गेला?"

"हो. तुम्हालाच सांगणार होता, पण तुम्ही केबिनबाहेर येता कधी?"

मॅनेजरचा चेहरा उतरला, तेल मात्र उतरलं नाही. उलट शुक्रवारी खरेदीदार येणार म्हणून त्यानं तिला बजावलं, "तुमच्या बादलीत साधं खाद्य भरून ठेवा. नवीन पोतं शेजारी नुसतं दिसायला उघडं ठेवायचं."

तिच्या अंगाची लाही लाही झाली. रात्रभर ती कूस बदलत राहिली. नवरा म्हणाला, "अगं, नोकरी जाईल." ती म्हणाली, "जाऊ दे. पण माझ्या हातानं ही लबाडी व्हायची नाही."

शुक्रवारी मालक, मॅनेजर आणि वीसेक पाहुणे हौदाभोवती जमले. तिनं बादली बाजूला सारली आणि सरळ त्या नव्या पोत्यात हात घातला. मूठभर दाणे पाण्यावर पडले. दोन-चार मासे वर आले, दाणे चघळून थुंकले आणि तळाशी गेले. बाकीचे हललेसुद्धा नाहीत.

"या बाईला काही कळत नाही!" मॅनेजर ओरडला. "मूर्ख आहे!"

"तेल जास्त झालंय," ती पाहुण्यांकडे वळून म्हणाली. "निम्मं करा, हेच मासे उड्या मारतील. यांना सांगून थकले मी."

पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवसापासून तिला जाळी धुवायला बसवलं. मॅनेजर मात्र आपल्या खुर्चीवर तसाच! दात-ओठ खात ती जाळ्यांवर ब्रश घासायची.

महिन्याभरात तेल गुपचूप निम्म्यावर आलं. पण तिच्या जागी आलेल्या नव्या माणसाला पाणी वाचता येईना. न खाल्लेलं खाद्य हौदात सडायला लागलं. शेवटी मालकाच्या हुकमानं मॅनेजर जाळ्यांपाशी आला आणि पुटपुटला, "ताई, परत या."

"चारचौघांत मूर्ख म्हणालात. तेवढ्याच मोठ्यानं बोलवा."

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "ताई, परत या!"

"आणि चूक कुणाची?"

जाळी धुणाऱ्या सगळ्यांचे हात थांबले होते. "माझी," तो म्हणाला.

ती उठली, हात पुसले आणि चार नंबरच्या हौदाकडे गेली. निम्मेसुद्धा मासे उरले नव्हते. मॅनेजरनं पुन्हा केबिनचं दार लावून घेतल्याचा आवाज आला, तशी तिच्या मस्तकात पुन्हा तिडीक गेली. तिनं मूठ भरली आणि उरलेल्यांना खाऊ घालायला लागली.