नऊ धुनांचा पंचनामा

ती घटना आजही आठवते, कारण सबंध नोकरीत दवाखान्याच्या वॉर्डात बसून गाणी ऐकत पंचनामा मी तेवढा एकदाच केला.

मी सातवी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. कुणाच्या चिठ्ठीने नाही. शेवटची नेमणूक नाशिकला, गंगापूर रोडच्या बाजूला होती. एका सकाळी साठीतले एक गृहस्थ ठाण्यात आले. घरातल्या स्टुडिओतून लॅपटॉप आणि हार्ड डिस्क चोरीला गेली होती.

"लॅपटॉप नाही मिळाला तरी चालेल, साहेब. डिस्क शोधा. माझा अल्बम आहे तिच्यात. दुसरी प्रत नाही."

"कसली गाणी?"

"जॅझ. मी गिटार वाजवतो. शब्द नसतात त्यात."

आमच्या गावी, देवळ्याकडे, गिटार पाहिली ती सिनेमात. बिनशब्दांच्या गाण्यासाठी एवढा मोठा माणूस रडवेला का होतो, ते कळेना. मग त्यांनीच सांगितलं. ड्रम वाजवणारा त्यांचा तीस वर्षांचा मित्र. रेकॉर्डिंग संपलं आणि तो आजारी पडला. डॉक्टरांनी थोडेच दिवस सांगितले होते. तयार अल्बम त्याने एकदाही ऐकला नव्हता.

दाराचं कुलूप शाबूत होतं. म्हणजे घरात येणाऱ्या-जाणाऱ्याचं काम. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांना निरोप दिले. तिसऱ्या दिवशी नाशिक रोडहून एकाचा फोन आला, "साहेब, एक जण डिस्क कोरी करून मागतोय. बसवून ठेवलाय."

उचलून आणला. त्याच आठवड्यात त्या घरी एसी दुरुस्त करून गेलेला माणूस.

"डिस्क माझी हाय साहेब. मावसबहिणीच्या हळदीचं रेकॉर्डिंग हाय."

हात उगारायची मला सवय नव्हती. चहा मागवला, पंच बोलावले, डिस्क लावली. संथ गिटार सुरू झाली.

"तुमच्यात हळदीला हे वाजवतात होय रे? वऱ्हाडी झोपले असतील की!"

हवालदार खो-खो हसला. एसीवाल्याची मान खाली गेली. लॅपटॉपही त्याने काढून दिला.

डिस्क कापडात बांधून लाखेचं सील केलं. गिटारवाले धावत आले.

"द्या ना साहेब, निदान कॉपी तरी."

"मुद्देमाल आहे. कोर्टाच्या हुकुमाशिवाय ना डिस्क देता येते, ना कॉपी."

दिवाळीची सुट्टी लागली होती. अर्ज त्यानंतरच चालणार.

"त्याच्याकडे तेवढे दिवस नाहीत हो," एवढंच म्हणाले नि निघून गेले.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. नियम मोडणार नाही हा माझा हट्ट, तो आजही आहे. पण ओळख पंचनामा बाकी होता. माल कुणाचा हे साक्षीदाराने ओळखायचं असतं, आणि साक्षीदार अंथरुणाला खिळला असेल तर आपण त्याच्याकडे जायचं असतं. वरिष्ठांना विचारलं.

"एक धून ऐकवली की पुरे," ते म्हणाले.

"डिस्कवर नऊ आहेत, साहेब. नऊच्या नऊ ओळखायला नकोत?"

त्यांनी परवानगीच्या कागदावर सही केली. मग म्हणाले, "जा."

दुपारी गिटारवाल्यांना घेऊन दवाखान्यात गेलो, पंचांसमक्ष सील उघडलं, डिस्क लावली. ड्रमवाले म्हणजे नुसता हाडांचा सापळा. डोळे मिटलेले, पण बोटं चादरीवर ठेका धरत होती. पाचव्या धुनेला डोळे उघडले.

"इथे माझा हात घसरलाय. याला म्हटलं होतं, पुन्हा वाजवतो."

"तू घसरलास म्हणून तर मला पुढचं सुचलं, गाढवा," गिटारवाले म्हणाले. दोघंही हसले. एकाला हसताना खोकला आला, दुसऱ्याला रडू.

मी लिहिलं, 'साक्षीदाराने स्वतःच्या चुकीवरून माल ओळखला.'

"साहेब, पुन्हा लावता?" ड्रमवाल्यांनी विचारलं.

मी लिहिलं, 'खात्रीसाठी पुन्हा ऐकविले.' आणि लावली.

कोर्ट उघडायच्या आत ड्रमवाले गेले. पंचनाम्यावर त्यांची थरथरती सही तेवढी राहिली.

तेव्हापासून फिर्यादीला मी काय गेलं हे विचारायचो, तसंच त्या वस्तूची वाट कोण बघतंय हेही विचारायचो. नव्या पोरांनाही हेच सांगतो.

अल्बम निघाला तेव्हा गिटारवाले घरी आणून देऊन गेले. जॅझ मला अजून कळत नाही. पण दुपारी पाचवी धून लावतो आणि हात घसरायची वाट बघतो. तो घसरतो, धून संपते. मग वाटतं, कुणीतरी म्हणावं, साहेब, पुन्हा लावता?