अब्बांची स्लाइड

पुण्यात खराडीला आम्ही कंपन्यांसाठी कॉम्प्युटरवर शिकायचे कोर्स बनवायचो. आमच्या ऑफिसात खंडेनवमीला कॉम्प्युटरची पूजा व्हायची. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, आणि पूजेआधी झाडून सगळी यंत्रं बंद. आमचे वैजनाथ सर नांदेडचे, रीतीला पक्के. त्यांच्या मते सर्व्हरसुद्धा यंत्रच. त्या वर्षी माझ्या शेजारी बसणारी नाजिमा जागेवरून ओरडली, "सर, थांबा, सेव्ह होतंय!" तोवर सरांनी सर्व्हरचा खटका पाडला होता.

पूजा झाली, पेढे झाले. नाजिमा फाइल उघडायला बसली. फाइल उघडेना.

आमच्याकडे प्रत्येक जण कोर्सची फाइल थेट सर्व्हरवरूनच उघडून काम करायचा. "सर्व्हरवर आहे म्हणजे सुरक्षित," असं सर म्हणायचे आणि आम्ही शहाणे माना डोलवायचो. फाइल आधी आपल्या मशीनवर उतरवून घ्यावी, काम झालं की सर्व्हरवर प्रत ठेवावी, एवढं कुणालाच सुचलं नव्हतं. खटका पडला तेव्हा फाइल अर्धीच सेव्ह झाली होती, म्हणून ती बिघडली.

नाजिमा भवानी पेठेतली. कॉमर्स करून, क्लास लावून कोर्स बनवायचं सॉफ्टवेअर शिकलेली. बोलायची कमी, पण तिच्या स्लाइडवरचा बाण कुणी जरा हलवला तर दिवसभर धुसफुसायची. हा कोर्स एका कारखान्यातल्या, पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवरच्या कामगारांसाठी होता आणि संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. त्यात एक स्लाइड तिच्या वडिलांची होती. हुसेनचाचांची दोन बोटं भोसरीत प्रेसखाली गेली होती. घरात त्यांनी त्या दिवसाचं नाव कधी काढलं नाही. पोरीनं फारच गळ घातली तेव्हा तिनं लिहून दिलेल्या चार ओळी त्यांनी तिच्या मोबाइलवर रेकॉर्डिंगसाठी वाचून दिल्या. तिनं तो आवाज कोर्समध्ये घातला आणि मोबाइलमध्ये जागा नाही म्हणून मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

आदल्या आठवड्याची एक प्रत सापडली. राहिलेल्या स्लाइड आम्ही वाटून घेतल्या. अब्बांची स्लाइड त्या प्रतीत नव्हतीच.

"दुसऱ्या कुणाचा तरी आवाज घालू," सर म्हणाले.

"आणि बोटं कुणाची घालायची?" मी म्हणाले. माझी जीभ अशीच आहे. सर केबिनमध्ये निघून गेले.

नाजिमानं मोबाइल हातात घेतला. "श्रद्धा, ते परत नाही बोलणार गं," ती म्हणाली. तरी तिनं फोन लावला. "अब्बा, तुमचं रेकॉर्डिंग गेलं." त्यांनी ऑफिसचा पत्ता विचारून घेतला. मग ते "येतो" म्हणाले.

ते बसनं आले तोवर क्लायंटचे फोन सुरू झाले होते. मीटिंगच्या खोलीत माइक लावला. नाजिमानं लिहिलेला कागद हुसेनचाचांनी बाजूला सारला.

"माझं नाव हुसेन," ते बोलू लागले. "मशीनला गार्ड, हात आत जाऊ नये म्हणून लावतात ती जाळी, नव्हता. बोटं गेली. दवाखान्यात शुद्धीवर आलो तेव्हा पहिलं विचारलं, मशीन बंद केलं का? नंतर कळलं, माझं रक्त पुसून दुपारी त्याच मशीनवर सोनबाला उभा केला होता. गार्ड न लावता. सोनबा माझा दोस्त. बोटांचं मला काही नाही आता. मशीन थांबलं नाही, ते अजून टोचतं."

दारात उभे असलेले सर हळूच म्हणाले, "शेवटचं कापू या. क्लायंटला झोंबेल."

"एक शब्द कापणार नाही, सर," नाजिमा म्हणाली. सर दारातून बाजूला झाले. तिनं आवाज स्लाइडमध्ये घातला, फाइल आधी स्वतःच्या मशीनवर सेव्ह केली आणि कोर्स पाठवून दिला.

हुसेनचाचा तिच्या खुर्चीमागे उभे होते. त्यांनी विचारलं, "बेटा, लोक हे ऐकतील? की पुढची स्लाइड उघडून निघून जातील?"

"नाही जाता येणार, अब्बा," ती म्हणाली. "तुमचं बोलून होईपर्यंत पुढं जायचं बटणच मी बंद ठेवलंय."